पाण्याबरोबर गाळ: सांगलीत पूर ओसरल्यानंतरच्या कामाची पार्श्वभूमी

सांगलीत पूर फुटांत मोजतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 वर गेली की धोका. पाणी चढत असतं तोवर सगळ्या राज्याचं लक्ष इथं असतं. ते उतरायला लागलं की कॅमेरे निघून जातात, आणि इथल्या माणसाचं खरं काम त्या दिवशी सुरू होतं. पूर का येतो, धरणांनी पाणी कधी सोडावं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा दोष किती, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. इथं विषय आहे तो पाणी गेल्यावर घरात उरतं त्याचा.

माझी आजी गावभागातली. तिचा एक नियम होता: पाणी घराबाहेर पडायच्या आत घर धुवून झालं पाहिजे. पाणी घोट्यापर्यंत आलं की ती मागच्या खोलीत खराटा घेऊन उभी राहायची. तळाचा गाळ ढवळायचा आणि उतरत्या पाण्याबरोबरच पुढच्या दाराकडे लोटायचा. माजघर, सोपा, मग उंबरा. पाणी आपणहून बाहेर निघालेलंच असतं, त्याच्या पाठीवर चिखल घालायचा. लहानपणी मला ती घाई वाटायची. आता कळतं, त्यात या मातीची पक्की ओळख होती. कृष्णेचा गाळ म्हणजे काळ्या रानांची बारीक चिकणमाती. ओली असेपर्यंत ती श्रीखंडासारखी हलते. दोन दिवस ऊन लागलं की तिला भेगा पडतात, पापुद्रे फरशीला धरून बसतात आणि मग खोऱ्याशिवाय गत्यंतर नसतं. तेव्हा धुवायला पाणी लागतं आणि तेच नसतं, कारण नदीकाठचे पंप बुडालेले असतात. पुरानंतर स्वच्छ पाण्याची टंचाई पडते हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही.

जुन्या घरांची बांधणीही हे धरूनच होती. जोतं उंच, खाली काळा दगड, मौल्यवान सगळं माळ्यावर. घरात काय असायचं? तांब्या-पितळेची भांडी, सागवानी पेटी, घोंगड्या, धान्य. भांडी चिंच-राखेनं घासली की पुन्हा चकचकीत. सागवान सावलीत सुकवलं की बहुतेक वाचायचं. जायचं ते धान्य, आणि मातीच्या भिंती. या भिंती पाणी असताना उभ्या राहतात आणि ओसरल्यावर पडतात, कारण दोन्ही बाजूंचा पाण्याचा आधार जातो आणि आतली माती मात्र भिजून जड झालेली असते. म्हणून जुनी माणसं घरात शिरण्याआधी भिंतीकडे पाहायची, काठीनं कोपरे ठोकायची. काठी सापांसाठीही लागायचीच. भिलवडी ते डिग्रज पट्ट्यात तर नदीत मगरी आहेत.

कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात त्या हरिपूरची पेवं हा या इतिहासातला सगळ्यात दुखरा भाग. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं हळदीचं कोठार. तोंड अरुंद, पोट घागरीसारखं रुंद. तळाला नि कडेला पाला अंथरून हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत हवा नाही, म्हणून कीड नाही, वर्षानुवर्षं माल टिकतो. उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही. आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत थांबतात, नाहीतर माणूस गुदमरतो. शेजारच्या सांगलीच्या बाजारातल्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या नावामागं ही पेवं आहेत. 2005 च्या पुरात त्यांत पाणी गेलं. हळद सडली, पुष्कळ पेवं आतून ढासळली. घर धुता येतं, पेव धुता येत नाही. ढासळलेलं पेव बुजवायचंच असतं. तिथून व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला तो वळलाच.

आयर्विन पूल 1929 चा. त्याच्यावर आणि आसपास पाणी मोजायची सवय पिढ्यांची, त्यामुळे सांगलीकर पुराला नवखा नाही. नवी होती ती 2005 पर्यंत वाढलेली वस्ती. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, शामरावनगर हे सखल भाग. 40 फुटांच्या आतच यातल्या काही ठिकाणी पाणी शिरतं, आणि पुष्कळदा ते नदीकडून समोरून न येता गटारातून, नाल्यातून उलटं येतं. नदीकाठी निळी नि लाल रेषा आखण्याची पद्धत राज्यात त्याच्या आधीपासून आहे: निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. रेषा कागदावर राहिल्या, घरं रेषेच्या आत झाली. 2005 मध्ये पाणी 54 फुटांच्या जवळ गेलं.

घरातल्या वस्तूही तोवर बदलल्या होत्या. प्लायवुडचं कपाट, फोमची गादी, फ्रिज, मिक्सर, इन्व्हर्टर. सागवानाला पाणी सोसतं, प्लाय फुगतो आणि थर सुटतात. गादीत शिरलेला गाळ कशानंच निघत नाही. आजीच्या घरात तीन फूट पाणी म्हणजे चार दिवसांचं काम होतं. आताच्या घरात तीन फूट पाणी म्हणजे अर्धा संसार रस्त्यावर.

ते सगळ्यांनी पाहिलं 2019 च्या ऑगस्टमध्ये. पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि आठवड्याहून जास्त दिवस शहरात मुक्कामाला राहिलं. पाणी किती चढलं याच्याइतकंच ते किती दिवस राहिलं याला महत्त्व आहे. ओसरल्यावर मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठेत माणसाच्या उंचीचे ढीग लागले: गाद्या, सोफे, भिजलेलं धान्य, साड्यांचे गठ्ठे, औषधांची खोकी. महापालिकेला एकटीला ते झेपणारं नव्हतं. बाहेरच्या शहरांतून सफाई कामगार, जेसीबी, डंपर आले, बंबांच्या पाण्यानं रस्ते धुतले. परक्या गावात येऊन दिवसदिवस गुडघाभर चिखलात उभे राहिलेले ते कामगार आम्ही विसरणार नाही. रस्त्यांच्या कडेनं टीसीएल पावडरच्या, म्हणजे जंतू मारणाऱ्या क्लोरीनच्या भुकटीच्या, पांढऱ्या रेघा होत्या. इथं एक सांगितलं पाहिजे: गाळावर पावडर टाकून फारसा उपयोग नसतो, कारण क्लोरीन आधी चिखलातच खर्ची पडतो. गाळ काढायचा, पाण्यानं धुवायचं, मग पावडर. पायाला जखम असेल तर बूट घातल्याशिवाय चिखलात उतरायचं नाही, लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची, भीती असते.

माझ्या काकांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. शटर उघडलं तेव्हा आतून आलेला तो कुबट, आंबट वास अजून नाकात आहे. वह्या पाणी पिऊन इतक्या फुगल्या होत्या की लोखंडी रॅकचे कप्पे वाकले होते. एक वही ओढून निघेना. पहार घालून आम्ही गठ्ठे उचकटले, आणि हातात आला तो निळ्या शाईचा लगदा. काकांनी सगळं त्याच दिवशी बाहेर काढलं, कारण आजीचा नियम घरातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला. नंतर विमा कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, माल कुठं आहे? माल कचरा डेपोवर गेला होता. दावा जवळजवळ बुडालाच.

आमच्याकडे नुकसान मोजण्याची रीत म्हणजे पंचनामा, आणि त्याची घडी शेतीच्या नुकसानीला जुळणारी. पीक शेतात पडून राहतं, तलाठी येईपर्यंत थांबता येतं. घर थांबत नाही. जेवढे दिवस पंचनाम्याची वाट पाहाल तेवढा गाळ घट्ट होतो, बुरशी चढते, भिंत ओल पिते. मदतीच्या निकषांतही हाच जुना हिशेब होता. 2019 च्या पुराच्या वेळी केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषांत कपड्यांना 1,800 आणि भांड्यांना 2,000 रुपये होते, तेही घर वाहून गेलं, पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर. 2019 मध्ये मोफत गहू-तांदळालाही हीच दोन दिवसांची अट लागली आणि त्यावरून राज्यभर संताप झाला. तो रास्त होता. प्लायचं कपाट फुगायला दोन दिवस लागत नाहीत, एक रात्र पुरते. पुढे सरकारनं ग्रामीण भागात कुटुंबाला 10,000 आणि शहरात 15,000 रुपये दिले.

त्याच पुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं गेली. भिजलेली पुस्तकं वाचवायचं शास्त्र जगाला शिकवलं ते इटलीतल्या फ्लॉरेन्सनं. 4 नोव्हेंबर 1966 ला आर्नो नदीचा पूर तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला आणि देशोदेशींच्या तरुणांनी चिखलातून ग्रंथ वर काढले. त्यानंतरच्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली: ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्यात सुकवता येत नसेल तर पुस्तक गोठवून ठेवायचं, म्हणजे सवडीनं सुकवता येतं. सांगलीत बेदाण्याची, हळदीची एवढी शीतगृहं आहेत. त्यातली पुराबाहेरची एक-दोन दुर्मीळ पुस्तकांसाठी आधीच ठरवून ठेवता येतील असं मला मनापासून वाटतं. घरच्या फोटोंचंही तसंच. ओला अल्बम उन्हात ठेवला की फोटो एकमेकांना कायमचे चिकटतात. ते स्वच्छ पाण्यात ओलेच ठेवून एकेक सोडवायचे आणि सावलीत, चित्राची बाजू वर करून पसरायचे. काकूच्या लग्नातले एकतीस फोटो आम्ही असे परातीत सोडवले.

  

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा 55 फुटांच्या आसपास आलं. या वेळी लोकांनी 40 फुटांच्या इशाऱ्याची वाट न पाहता माल वर नेला. आमच्या गल्लीत तोवर प्लगचे बोर्ड खांद्याच्या उंचीवर गेले होते, प्लायच्या जागी कडाप्प्याचे कप्पे आले होते. सरकारनं या वेळी दुकानदारांसाठी जास्तीत जास्त 50,000 आणि टपरीवाल्यांसाठी 10,000 रुपये ठरवले.

काका पाणी गुडघ्यावर असतानाच दुकानात उतरले. मी मोबाईल धरला होता. प्रत्येक कप्पा, प्रत्येक गठ्ठा, शटर, मीटर, आणि भिंतीला मोजपट्टी लावून पाण्याची रेघ, असे दोनशेच्या वर फोटो काढले. मग त्यांनी खराटा घेतला आणि मागच्या भिंतीपासून लोटायला सुरुवात केली. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा फरशी कोरडी होती. काकांनी मोबाईल पुढे केला. त्यांनी फोटो पाहिले, भिंतीवरची रेघ पाहिली, आणि टेबल पुसून लिहायला बसले.