गावात हायड्रंट घेताय? अर्ज कुठे अडतो आणि खर्च कुणावर पडतो

उन्हाळा लागला की मराठवाड्यात आगी सुरू होतात. लोंबकळणाऱ्या तारांची ठिणगी पडून ऊस पेटतो, कडब्याच्या गंजी जळतात, कुठे गोठा जातो. तालुक्याहून बंब येतो, त्यातलं साडेचार हजार लिटर पाणी काही मिनिटांत संपतं आणि गाडी भरायला परत तालुक्याला जाते. बंब गावातच भरता यावा म्हणून हायड्रंट, म्हणजे बंबाचा होज थेट जोडता येईल अशी पाण्याची मोठी जोडणी हवी, ही मागणी अगदी रास्त आहे. तरी अर्ज परत येतात, आणि त्रुटी बहुतेक त्याच त्याच असतात.

आधी अर्ज कुणाकडे करायचा ते बघा. पाइपलाइन ज्याची, परवानगी त्याची. गावाची स्वतंत्र योजना असेल तर ग्रामपंचायतच मालक. प्रादेशिक, म्हणजे अनेक गावांच्या एकत्र योजनेतून पाणी येत असेल तर जीवन प्राधिकरण किंवा जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, ती योजना जो चालवतो तो. जलजीवन मिशनच्या नव्या टाक्यांबाबत जास्त फसगत होते. टाकी उभी असते, तिला रंगही दिलेला असतो, पण ग्रामपंचायतीकडे हस्तांतरण झालेलं नसतं. मग कागदावर ती अजून विभागाच्या ताब्यात असते आणि सरपंचांची सही चालत नाही. हस्तांतरणाचा कागद दप्तरात नसेल तर अर्ज कार्यकारी अभियंत्यांकडेच करा.

कुणाकडेच नसतो तो कागद म्हणजे टाकीच्या जागेचा. जुन्या टाक्या गावातल्या कुणीतरी तोंडी दिलेल्या जमिनीवर उभ्या आहेत आणि सातबारावर आजही त्यांच्याच वारसांची नावं आहेत. टाकी बांधताना हा कागद कुणी विचारला नाही आणि आता साध्या हायड्रंटसाठी मागतात, याचा राग येणं साहजिक आहे. तरी तो लागतोच. वारस तयार असतील तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या. फेरफाराच्या नोटिशीलाच 15 दिवस जातात, त्यामुळे हे काम सगळ्यात आधी हातात घ्या. जागा गायरान असेल तर ती सरकारची, तिथे ग्रामसभेचा ठराव पुरत नाही, महसूल खात्याची परवानगी लागते. आणखी एक चूक नेहमी होते. अर्जाला ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 लागतो, म्हणजे आकारणी नोंदवहीचा उतारा. लोक तलाठ्याकडचा 8अ जोडतात. तो शेतजमिनीच्या खात्याचा उतारा आहे, त्यावर टाकी दिसत नाही.

अंदाजपत्रक शाखा अभियंता करून देतात, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता नेहमीच्या क्रमाने होते. रस्ता खोदावा लागणार असेल तर ज्याचा रस्ता त्याची खोदाई परवानगी आणि अनामत.

अंदाजपत्रक होण्याआधी जागेवर उभं राहून एक गोष्ट पक्की करा. हायड्रंट गल्लीतल्या वितरण वाहिनीवर घेऊ नका. आपल्याकडे नळाला चार दिवसांनी, आठ दिवसांनी पाणी येतं, आग त्याची वाट पाहत नाही. जोडणी उंच टाकीवरूनच घ्या, म्हणजे वीज गेली तरी पाणी उताराने येतं. टाकीतून नळांना जाणारा पाइप थोडा वर आणि हायड्रंटचा तळाशी ठेवला की तळातलं पाणी आपोआप राखीव राहतं. ‘प्यायला नाही आणि बंबाला कुठून देणार’ हा प्रश्न ग्रामसभेत येणारच, आणि तो खोटा नाही. तेव्हा किती लिटर राखून ठेवायचं ते तिथेच ठरवा आणि ठरावात लिहा. विहिरीचा पर्याय काही जण सुचवतात, पण बंबाचा पंप जेमतेम सात मीटर खोलीवरून पाणी ओढतो. मे महिन्यात आपल्या विहिरींचं पाणी त्याच्या किती खाली असतं ते सांगायला नको. विहिरीवर पाणबुडी मोटार असेल तरच तो विचार करा, आणि तिथेही वीज लागणारच.

तोंडाची जोडणी 63 मिलिमीटरची, झटक्यात बसणारी हवी, बंबाच्या होजला असते तशीच. ठेकेदार आट्यांचा साधा नळ बसवून मोकळा होतो. एक इंची नळातून मिनिटाला 60 लिटर पडलं तर बंब भरायला सव्वा तास लागतो. मिनिटाला 500 लिटर मिळालं तर 9 मिनिटं. नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाकडून ‘ही जोडणी आमच्या गाडीला बसते’ असं लेखी घ्या आणि ते पत्र अंदाजपत्रकाला जोडा.

आता पैशाचं. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठीच्या 29 विषयांत पिण्याचं पाणी आहे, अग्निशमन नाही. ते बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांकडे. त्यामुळे ‘अग्निशमन’ एवढंच लिहून खर्च टाकला की कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे हिशेबाच्या कुठल्या खात्यातून, हा प्रश्न येतो. 15व्या वित्त आयोगाच्या (2021 ते 2026) निधीत 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित असा भाग होता; आताचं प्रमाण विचारून घ्या. बंधित पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठीचा, त्याला हात लावू नका. अबंधित भाग गावाच्या गरजेसाठी वापरता येतो, पगार आणि आस्थापना सोडून. मात्र काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात हवं. तारखेचा गोंधळ इथेच होतो. लोक 31 मार्च धरून बसतात, पण ते आर्थिक वर्ष संपण्याचं टोक आहे. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते. त्या ग्रामसभांत काम घेतलं नाही आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढलं नाही, तर बिल निघत नाही.

लोखंडाचा खर्च एकदाच होतो, भांडण पाणीपट्टीवरून होतं. दर हजार लिटरला 20 रुपये धरला तरी एक बंब 90 रुपयांत भरतो. गावाला जड जाते ती मीटरची अनामत आणि आग लागो न लागो येणारी किमान आकारणी. म्हणून योजना दुसऱ्याची असेल तर अर्जातच विचारा: मीटर कुणाचा, दर घरगुती की बिगरघरगुती, किमान आकार किती. लेखी उत्तर येईपर्यंत अनामत भरू नका. हद्दीबाहेर बंब पाठवण्याचं शुल्क नगरपरिषद आपल्या ठरावाने ठरवते. गाव पाणी देत असेल तर त्या शुल्कात सवलत मिळावी, असं पत्र ग्रामपंचायतीने जरूर द्यावं. ठरावात ‘पाणीपट्टी ग्रामपंचायत भरेल’ किंवा ‘नगरपरिषद भरेल’ असं स्पष्ट वाक्य नसलं की फाईल दोन कार्यालयांत फिरत राहते.

काम झाल्यावर अंतिम बिलावर सही करण्याआधी बंब बोलावून एकदा भरून घ्या. लागलेली मिनिटं आणि मीटरचा आकडा नोंदवहीत लिहा, आणि व्हॉल्व्हची एक चावी पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडे, दुसरी टाकीजवळच्या घरात ठेवा.