सही झाली त्याच दिवशीचा नफा

येत्या रविवारी दांडिया बाजारातल्या एका घरी आम्ही दहा-बारा जण मिळून 'एन्रॉन: द स्मार्टेस्ट गाईज इन द रूम' हा माहितीपट पाहणार आहोत. एन्रॉन या बुडालेल्या अमेरिकी ऊर्जा कंपनीची ही गोष्ट. बडोद्याच्या मराठी घरांत हे नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे दाभोळचं ना?" आपल्यासाठी एन्रॉन म्हणजे दाभोळच. इथल्या कितीतरी कोकणस्थ कुटुंबांचं कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. दर्शनाला गेलेल्यांनी अंजनवेलच्या त्या दाभोळ वीजप्रकल्पाविषयी ऐकलेलं असतं, काहींनी तो पाहिलेलाही असतो. माहितीपट मात्र अमेरिकी प्रेक्षकांसाठी केलेला. जवळपास दोन तासांत दाभोळ येतं आणि लगेच जातं. तेवढ्यात जे सांगितलं जातं ते नीट कळावं, म्हणून ही पार्श्वभूमी.

एन्रॉनचा जन्म १९८५ चा. ह्यूस्टन नॅचरल गॅस आणि ओमाहाची इंटरनॉर्थ या दोन कंपन्या एक झाल्या आणि थोड्याच काळात केनेथ ले तिचे प्रमुख झाले. धंदा साधा होता: जमिनीखालच्या नळांतून वायू वाहून न्यायचा आणि त्याचं भाडं घ्यायचं. १९८७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या त्यांच्या तेल-व्यापार शाखेत खोट्या हिशेबांचं प्रकरण उघड झालं. त्याआधी तिथल्या गैरप्रकारांची कुणकुण लागूनही वरिष्ठांनी त्या माणसांना कामावर ठेवलं होतं, कारण शाखा कमाई दाखवत होती. माहितीपटात हा भाग सुरुवातीलाच आहे आणि तो चुकवू नये. पुढे जे घडलं त्याचं बीज तिथे दिसतं.

१९९० मध्ये मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी सोडून जेफ्री स्किलिंग एन्रॉनमध्ये आले. येताना त्यांनी हिशेबाची एक पद्धत मागून घेतली, आणि १९९२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या रोखे नियामकाने तिला परवानगी दिली. तिला 'मार्क टू मार्केट' म्हणतात. शेअर-दलालाच्या वहीत ती चालते, कारण त्याच्या मालाचा भाव रोज बाजारात कळतो. वायूच्या वीस वर्षांच्या कराराला असा रोजचा भाव नसतो. मग काय करायचं? पुढची वीस वर्षं किती मिळेल याचा स्वतःच अंदाज बांधायचा आणि करारावर सही झाली त्याच दिवशी सगळा नफा पुस्तकात धरायचा. आपण हापूसचं कलम लावलं आणि पुढच्या वीस मोसमांच्या आंब्यांचे पैसे त्याच संध्याकाळी मिळकत म्हणून लिहिले, तर जसं होईल तसं. पाऊस, मोहोर, भाव, कशाचाच पत्ता नाही; वहीत मात्र रक्कम चढलेली.

या पद्धतीचा खरा घात पुढच्या वर्षी होतो. या वर्षी वीस वर्षांचा नफा दाखवला, तर पुढच्या वर्षी दाखवायला नवीन आणि आणखी मोठा करार लागतो. कंपनीला करारांचं व्यसन लागतं. जुना करार पैसे देतोय का, हे बघणाऱ्याची कंपनीत किंमत उरत नाही. ब्लॉकबस्टर या व्हिडिओ दुकानांच्या साखळीबरोबर घरोघरी चित्रपट पोहोचवण्याचा करार २००० मध्ये झाला. प्रयोगापलीकडे काही गेलं नाही, तरी त्यावर ११ कोटी डॉलरचा नफा दाखवला गेला.

आता दाभोळ. जून १९९२ मध्ये एन्रॉन आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला, डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार. एकूण २०१५ मेगावॅट, दोन टप्प्यांत. मधल्या काळात जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज नाकारलं होतं. आयात केलेल्या द्रवरूप वायूवरची ही वीज महाग पडेल आणि एवढी वीज एकदम लागणारही नाही, असं बँकेचं म्हणणं होतं. पुढे जे झालं ते नेमकं तेच, आणि आठ वर्षं आधी कागदावर लिहिलेलं.

आमच्या मंडळींत बडोद्याच्या वीज बोर्डातून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले एक काका आहेत. गुजरात वीज मंडळाचं मुख्यालय बडोद्यात, रेसकोर्सच्या विद्युत भवनात होतं. २००५ मध्ये मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तरी जुनी माणसं अजून 'जीईबी'च म्हणतात. १९६० मध्ये मुंबई राज्य विभागलं आणि दोन राज्यांची दोन वीज मंडळं झाली, त्यामुळे काकांना मुंबईच्या मंडळाची दुखणी घरच्यासारखी ठाऊक. वीजखरेदीचा करार त्यांनी आम्हाला गाडीच्या उदाहरणाने समजावला. "महिन्याच्या भाड्याने गाडी घेतली. दारात उभी राहिली तरी भाडं द्यायचंच, आणि फिरवली तर डिझेल वेगळं." भाडं म्हणजे स्थिर आकार, डिझेल म्हणजे इंधनाचा खर्च. दाभोळमध्ये हे भाडं मोठ्या प्रमाणात डॉलरशी बांधलेलं होतं. करार झाला तेव्हा डॉलर ३१-३२ रुपयांना होता, २००१ मध्ये तो ४६-४७ ला गेला. पहिल्या टप्प्यात नाफ्था हे खनिज तेलापासूनचं इंधन जाळायचं, त्याचे भाव तेलाबरोबर चढले. दर परवडेना म्हणून मंडळाने वीज कमी उचलली, आणि कमी उचलली म्हणून तेच भाडं थोड्या युनिटांवर पडून दर आणखी चढला. २००० मध्ये काही महिने युनिटचा दर सात रुपयांच्या वर होता.

राजकारणही विसरून चालणार नाही. वीजखरेदीचा करार झाला तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते. १९९५ मध्ये शिवसेना-भाजपचं सरकार आलं, गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने अहवाल दिला आणि ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला. काही महिन्यांतच पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि १९९६ च्या सुरुवातीला त्याच सरकारने आधीपेक्षा मोठ्या प्रकल्पाला होकार दिला. केंद्राच्या प्रतिहमीवर, म्हणजे राज्याने पैसे थकवले तर केंद्र भरेल या हमीवर, शिक्कामोर्तब झालं ते मे १९९६ मध्ये, वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारच्या काळात. कुठल्याही एका पक्षावर हे ढकलून मोकळं होता येत नाही. गावातल्या लोकांनी जमीन, पाणी आणि मासेमारी यांसाठी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने १९९७ मध्ये आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये त्यावर अहवाल काढले. प्रकल्पाजवळच्या वेलदूर गावच्या कोळणींनी जे सोसलं, ते माहितीपटात कुठेच नाही. मला त्याची खंत वाटते.

आणि आता माहितीपटातलं ते दाभोळचं वाक्य ऐका. प्रकल्प बुडाला, पण कंपनीच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या काल्पनिक नफ्यावर लाखो डॉलरचे बोनस घेतले. एन्रॉनमध्ये परदेशी प्रकल्प उभारणाऱ्यांना बोनस मिळायचा तो कर्जाची आणि करारांची कागदपत्रं पुरी झाली की. प्रकल्प चालला की नाही याच्याशी त्याचा संबंध नसे. ज्याने करार केला तो पैसे घेऊन पुढच्या देशात. मागे उरलं मंडळ, आयडीबीआय, आयसीआयसीआय, स्टेट बँक यांची अडकलेली कर्जं, आणि बिल भरणारा माणूस.

अमेरिकेतली पुढची हकीकत माहितीपट उत्तम सांगतो, म्हणून इथे थोडक्यात. कागदावर नफा आणि हातात पैसा नाही, अशी अवस्था आली की कर्ज काढावं लागतं, आणि कर्ज दिसलं की शेअर पडतो. ते लपवण्याचं काम वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांनी केलं. त्यांनी बाजूला वेगळ्या संस्था काढल्या, बुडीत माल आणि कर्ज तिकडे सरकवलं, आणि त्या संस्था स्वतःच चालवून त्यातून कमाई केली. त्यांतल्या 'एलजेएम' या नावात त्यांच्या पत्नीची आणि दोन मुलांची आद्याक्षरं आहेत. संचालक मंडळाने याला परवानगी दिली होती, लेखापरीक्षक आर्थर अँडरसनने सह्या केल्या होत्या. यांतल्या काही संस्थांचा आधार एन्रॉनचाच शेअर होता. तो चढा असेपर्यंतच हा डोलारा उभा राहणार होता.

ऑगस्ट २००० मध्ये शेअर ९० डॉलरवर होता. त्याच हिवाळ्यात कॅलिफोर्नियात दिवे जात होते आणि एन्रॉनचे व्यापारी वीज राज्याबाहेर नेऊन चढ्या भावाने परत आणत होते. त्यांच्या फोनवरच्या ध्वनिफिती माहितीपटात ऐकायला मिळतात. लोकांच्या अंधारावर हसणारे ते आवाज पूर्वी एकदा ऐकून काका उठून बाहेर गेले होते. नेमक्या त्याच महिन्यांत मुंबईत मंडळाने दाभोळची बिलं थकवली होती आणि एन्रॉन प्रतिहमी वसूल करायला निघाली होती. मे २००१ मध्ये दाभोळ बंद पडलं. ऑगस्टमध्ये स्किलिंग यांनी राजीनामा दिला. १६ ऑक्टोबरला ६१ कोटी ८० लाख डॉलरचा तिमाही तोटा जाहीर झाला आणि २ डिसेंबर २००१ रोजी ६३ अब्ज डॉलरच्या मालमत्तेची कंपनी दिवाळखोरीत गेली.

माहितीपटात पोर्टलंडचा एक लाइनमन आहे. खांबावर चढून तारा जोडणारा साधा कामगार. त्याची जुनी वीज कंपनी १९९७ मध्ये एन्रॉनने विकत घेतली आणि त्याची निवृत्तीची पुंजी एन्रॉनच्या शेअरमध्ये गेली. साडेतीन लाख डॉलरच्या आसपास असलेल्या त्या पुंजीचे हातात आले फक्त बाराशे. कंपनी कोसळत असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, योजनेचे व्यवस्थापक बदलण्याच्या कारणाने कर्मचाऱ्यांना काही दिवस शेअर विकताच येत नव्हते. वरच्या मंडळींनी आपले शेअर त्याआधीच विकले होते. पावसाळ्यात रात्री दोन वाजता आपल्या गल्लीतला फ्यूज बसवायला येणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. हा तोच आहे.

माहितीपट २००५ चा, त्यामुळे शेवट त्यात नाही. मे २००६ मध्ये ले आणि स्किलिंग दोघेही दोषी ठरले. शिक्षा ठरण्याआधीच, जुलैमध्ये, ले यांचा मृत्यू झाला आणि कायद्यानुसार त्यांची दोषसिद्धी रद्द झाली. स्किलिंग यांना २४ वर्षांची शिक्षा झाली, पुढे ती १४ वर आली. २०१९ मध्ये ते सुटले. आपल्याकडे दाभोळ २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकारातल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे गेलं आणि पुढच्या वर्षी तिथे पुन्हा वीज तयार झाली. नंतर देशातला वायू आटला आणि ती कितीतरी काळ थांबून राहिली. आयात वायूसाठी तिथे बांधलेला धक्का २०१३ मध्ये सुरू झाला.

रविवारी संध्याकाळी साडेपाचला बसू. काकांनी दाभोळच्या बिलांच्या बातम्यांची जुनी कात्रणं जपून ठेवली आहेत, ती घेऊन येणार आहेत.