रॉकेट हवेला रेटून वर जातं का?

‘रॉकेट खालच्या हवेला रेटून चढतं, म्हणून हवा नसलेल्या अवकाशात ते चालूच शकत नाही’ हा मजकूर अनेक वर्षं फिरतो आहे. तसं वाटणं साहजिक आहे. होडीचं वल्हंही पाण्याला रेटतंच की. पण रॉकेट रेटतं ते स्वतःच मागे फेकलेल्या वायूला.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-२ क्षेपणास्त्राचं इंजिन काही अवकाश संग्रहालयांत मांडलेलं असतं. ते दिसलं तर आधी माथ्याकडे बघा. तिथे १८ वाट्या आहेत. त्यांतून पाणी मिसळलेलं अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजन आत येत. म्हणजे जळायला लागणारा प्राणवायूही सोबतच नेलेला. दर सेकंदाला साधारण १२५ किलो वायू सेकंदाला सुमारे २ किलोमीटर वेगाने खाली फेकला जाई. दोन्हींचा गुणाकार करा (१२५ किलो × २,००० मीटर): अडीच लाख न्यूटन (न्यूटन हे बल मोजायचं एकक), म्हणजे जवळपास २५ टनांचा रेटा. या हिशोबात बाहेरची हवा कुठे आली? उलट हवा विरळ होई तसा रेटा वाढे, कारण बाहेरचा दाब इंजिनाच्या तोंडाशी अडवणूकच करतो.

घरीही पडताळता येतं. चाकांच्या खुर्चीत पाय उचलून बसा. एकसारख्या दोन पिशव्या घ्या, एकीत कापूस, दुसरीत पुस्तकं. दोन्ही शक्य तितक्या सारख्या वेगाने समोर फेका (समोर कोणी नाही ना, बघून). हवेला दोन्ही पिशव्या सारख्याच रेटतात. खुर्ची मात्र पुस्तकांच्या वेळीच ठळकपणे मागे सरकते.