ट्रॉमावरचे नजरेचे उपचार: ईएमडीआर, ब्रेनस्पॉटिंग, एआरटी यांची पार्श्वभूमी

ट्रॉमा म्हणजे मनावरचा खोल आघात. त्यावरच्या ईएमडीआर या उपचाराची सुरुवात १९८७ची. कॅलिफोर्नियात मानसशास्त्राची एक अभ्यासक बागेत चालत होती. मनात घोळणारे त्रासदायक विचार अचानक निवळले आणि त्या वेळी आपले डोळे झरझर इकडून तिकडे फिरत होते, हे तिच्या लक्षात आलं. अपघात, अत्याचार, युद्ध यांच्या मागे राहणाऱ्या विकाराला अमेरिकेच्या निदानसूचीत जागा मिळून तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. १९८९ मध्ये तिने त्यावरून घडवलेल्या उपचाराचा २२ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच सत्रात एवढा फरक पडतो यावर अनेकांचा विश्वास बसला नाही.

सत्र दिसायला साधं असतं. थेरपिस्ट अगदी समोर न बसता जरा बाजूला बसते. तुम्ही ती आठवण मनात धरायची आणि तिच्या डावी-उजवीकडे फिरणाऱ्या दोन बोटांवर नजर ठेवायची. वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या की बोटं थांबतात. "श्वास घ्या. आता काय येतंय?" मग पुन्हा बोटं. त्रास ० ते १० मध्ये किती, हेही अधूनमधून विचारलं जातं.

खरा गुंता नावात आहे. आधी नाव होतं ईएमडी, म्हणजे डोळ्यांच्या हालचालीतून आठवणीची धार बोथट करणं. १९९१ मध्ये त्याला 'आर' जोडला: आठवणीवर मनाने नव्याने प्रक्रिया करणं. 'डोळे' मात्र नावात तसेच राहिले. पुढे हातांवर आळीपाळीने टिचक्या मारूनही काम होतं, दोन्ही कानांत आलटून पालटून आवाज दिला तरी होतं, असं दिसू लागलं. मग डोळ्यांचं काम काय? ३४ अभ्यास एकत्र पाहणाऱ्या २००१ च्या विश्लेषणाने सांगितलं, डोळे हलवल्याने जास्तीचा फायदा दिसत नाही. २०१३ च्या दुसऱ्या विश्लेषणाने २६ चाचण्या तपासून उलट सांगितलं: फायदा आहे. आज बऱ्याच जणांना पटणारं स्पष्टीकरण असं की आठवण धरून ठेवणं आणि बोटांचा माग काढणं ही दोन्ही कामं तात्पुरत्या, कामापुरत्या स्मृतीच्या त्याच अपुऱ्या जागेत चालतात. त्या ओढाताणीत आठवणीचं चित्र फिकट होतं.

या वादात एक अन्याय झाला असं मला ठामपणे वाटतं. २००१ च्या विश्लेषणाने शंका घेतली ती डोळ्यांच्या हालचालीवर. काहीच उपचार न करण्यापेक्षा ईएमडीआरने फरक पडतो, हे त्यातही दिसलं होतं. तरी कित्येकांनी 'ईएमडीआर खोटं ठरलं' असाच अर्थ काढला आणि त्या काळात मदत शोधणाऱ्या किती जणांची पावलं मागे फिरली असतील. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात ईएमडीआरची शिफारस आली. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेनेही प्रौढांसाठी तो पर्याय ठेवला, पण युद्धाशी संबंध नसलेल्या आघातांपुरता.

ब्रेनस्पॉटिंग याच घरातून निघालं. २००३ मध्ये न्यू यॉर्कमधला एक ईएमडीआर थेरपिस्ट बर्फावर स्केटिंग करणाऱ्या एका खेळाडूसोबत काम करत होता. हळू सरकणाऱ्या बोटांबरोबर तिची नजर एका जागी थरथरली आणि अडकली. त्याने हात तिथेच ठेवला आणि दबलेल्या आठवणी बाहेर येत राहिल्या. म्हणजे ईएमडीआरमध्ये बोटं हलतात, ब्रेनस्पॉटिंगमध्ये ती थांबतात. कल्पना मला मोहक वाटते, पण नियंत्रित चाचण्या अजून थोड्याच आहेत.

एआरटी (अ‍ॅक्सिलरेटेड रिझोल्युशन थेरपी) २००८ चं. तेही ईएमडीआर शिकलेल्या थेरपिस्टचंच. त्यात वाईट दृश्याच्या जागी स्वतः निवडलेलं दृश्य ठेवतात आणि साधारण एक ते पाच सत्रांत संपवतात. २०१३ मध्ये ५७ सैनिक-माजी सैनिकांवरच्या चाचणीत चांगले परिणाम दिसले.

भारतात ईएमडीआरचं प्रशिक्षण पसरायला २००१ च्या भूजच्या भूकंपाने जोर दिला, मुंबईतल्या थेरपिस्टपर्यंत.

या तिन्हींत निवड करायची तर पहिल्याच फोनवर विचारावं: "मला डोळे हलवायला जमलं नाही, चक्कर आली, तर काय कराल?" ईएमडीआर नीट शिकलेली व्यक्ती टिचक्यांचा किंवा आवाजाचा पर्याय लगेच सांगते. आणि आठवणीला हात घालण्याआधी काही सत्रं तुमची घडी बसवण्यात जातील, हेही सांगते.