लाकडी बॉडीच्या जुन्या ब्रिटिश गाड्या : ओळख पटवण्यामागचा इतिहास

महायुद्धानंतरची लाकडी पाठीची ब्रिटिश गाडी दिसली की नजर आधी लाकडावर जाते. गाडी कोणत्या कंपनीची, हे मात्र लाकूड सांगत नाही, कारण बहुतेकदा ती बॉडी कंपनीने बांधलेलीच नसते.

इंग्लंडमधल्या जमीनदारांकडे शिकारीची मंडळी, बंदुका आणि कुत्रे एकत्र नेणारी घोड्यांची ‘शूटिंग ब्रेक’ असे. मोटारी आल्यावर कोचबिल्डरांनी, म्हणजे बॉडी बांधणाऱ्या कारागिरांनी, तोच नमुना चासीवर (चाके आणि इंजिनासह खालच्या सांगाड्यावर) चढवला. नामांकित कंपन्या नुसती चासीही विकत. बॉडी ग्राहकाने हवी तिथे बांधून घ्यायची. त्यामुळे एकाच मॉडेलवर चार कारखान्यांच्या चार तऱ्हा दिसतात.

युद्धाने या हौसेला व्यवहाराची जोड दिली. ऑक्टोबर 1940 मध्ये ब्रिटनमध्ये पर्चेस टॅक्स, म्हणजे खरेदीवरचा कर, आला. खासगी मोटारीवर तो 33⅓ टक्के होता आणि 1947 पासून हजार पौंडांवरच्या गाड्यांना दुप्पट झाला. मालवाहू वाहनांना मात्र सूट होती. त्यात पोलादाचा कोटा निर्यातीशी बांधलेला. लाकडी पाठ लावून गाडी मालवाहू वर्गात बसवली की कर वाचे. बदल्यात ताशी 30 मैलांची मर्यादा पाळावी लागे. अॅल्व्हिस आणि ली-फ्रान्सिस या मोटार कंपन्यांच्या इतक्या चासी सुतारांकडे गेल्या त्या यामुळे. ऑस्टिन 16 ची ‘कंट्रीमन’ बॉडी तर केंब्रिजजवळच्या पॅपवर्थमध्ये, क्षयरोग्यांच्या वसाहतीच्या कारखान्यात बनत असे.

म्हणून ओळख पुढून आणि खालून पटवायची. रेडिएटर, बॉनेट, पुढचे मडगार्ड आणि डॅशबोर्ड बहुधा मूळ कंपनीचेच असतात. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा : ऑस्टिन 16 चा व्हीलबेस 104½ इंच, अॅल्व्हिस टीए14 चा 108, फोर्ड व्ही8 पायलटचा 108¼. शेवटच्या दोघींत पाव इंचाचाच फरक असल्याने टेप तिथे निरुपयोगी. मग खाली वाकून स्प्रिंगा पाहायच्या. फोर्डची पाट्यांची स्प्रिंग गाडीच्या रुंदीत आडवी असते, अॅल्व्हिसच्या पुढच्या एक्सलला लांबीच्या दिशेने दोन.

लॉगबुकातला (गाडीच्या नोंदणी पुस्तिकेतला) ‘14 हॉर्सपॉवर’ हा आकडाही फसवतो. ती इंजिनाची खरी ताकद नव्हे, रोड टॅक्स ठरवण्याचे तेव्हाचे सूत्र होते : बोअरचा (सिलिंडरच्या व्यासाचा) इंचांतला वर्ग गुणिले सिलिंडर, भागिले 2.5. अॅल्व्हिसचा बोअर 74 मिमी, उत्तर 13.6. ली-फ्रान्सिसचा 75, उत्तर 13.95. दोन्ही ‘14’च! फरक स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या एका फेरीच्या लांबीत, आहे. अॅल्व्हिसचा 110 मिमी, म्हणून 1892 सीसी. ली-फ्रान्सिसचा 100, म्हणून 1767 सीसी.

लाकूड कंपनी सांगत नसले तरी वय सांगते. सांगाडा बहुधा अॅश या झाडाच्या लाकडाचा असतो, कारण ते चिवट असते आणि वाफेवर वाकते. मधले तक्ते महोगनीचे, प्लायवुडचे किंवा अॅल्युमिनियमचे. जुन्या कामात सरळ एका खाचेचे स्क्रू दिसतील. पोझिड्राइव्हच्या फुलीदार खाचेचे स्क्रू दिसले, तर निदान तेवढे काम 1960 नंतरचे. कूज शोधायची ती दारांच्या खालच्या पट्टीत, मागच्या चाकाच्या कमानीजवळ आणि उभी-आडवी लाकडे मिळतात त्या सांध्यांत, कारण पाणी तिथे मुरते. वरून वॉर्निश चकचकीत असते, आणि टोचा लावला की आत भुसा. ओकमध्ये लोखंडी स्क्रूभोवती काळा डाग पडतो. टॅनिनमुळे लोखंडही गंजते.

मॉरिस मायनर ट्रॅव्हलरचा (1953–71) प्रश्न सोपा. तिची बॉडी कंपनीचीच, पण मागचा अॅशचा सांगाडा खरोखर भार पेलतो, म्हणून कूज तिथे धोक्याची. मिनी ट्रॅव्हलरचे लाकूड केवळ सजावटीला चिकटवलेले.

सर्वांत अवघड जात म्हणजे मूळची सलून, म्हणजे पत्र्याची बंद बॉडी असलेली गाडी. पत्र्याखालचा अॅशचा सांगाडा कुजल्यावर अशा अनेक गाड्यांवर पुढे लाकडी पाठ चढवली गेली. चासी अस्सल, लाकूड मागाहूनचे. इथे लॉगबुकातला ‘बॉडीचा प्रकार’ हा रकाना आणि त्यातल्या दुरुस्तीची तारीख पाहावी. लॉगबुक हरवले असेल तर नंबरप्लेटवरून पहिली नोंद करणारी कौन्सिल काढता येते : डीपी किंवा आरडी म्हणजे रेडिंग, केव्ही म्हणजे कॉव्हेंट्री. 1974 मध्ये नोंदणी वेल्समधल्या स्वॉन्सीला एकवटली, तरी काही कौन्सिलांची जुनी रजिस्टरे काउंटीच्या अभिलेखागारांत आजही पाहायला मिळतात.