दाराचा नंबर दारालाच विचारायचा

मोठ्या इमारतीच्या नकाशात तीनशे दरवाजे असले, तर प्रत्येकाशेजारी छोट्याशा वर्तुळात त्याचा क्रमांक यावा लागतो. या खुणेला टॅग म्हणतात. खिडक्या, खोल्या, भिंतींचे प्रकार, डक्ट आणि पाइप यांचंही तेच. संगणकावर नुसत्या रेषा काढायच्या काळात हा क्रमांक म्हणजे कागदावरचं सुटं अक्षर होतं. दरवाजा बदलला तरी अक्षर तसंच राहायचं. रेव्हिट, आर्किकॅड किंवा व्हेक्टरवर्क्स अशा बिम सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे इमारतीचं माहितीसकट मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टॅग वेगळ्या पद्धतीने चालतो. तो स्वतः काहीच साठवत नाही. तो दरवाजाला चिकटतो, त्याच्या माहितीतला ठरलेला रकाना वाचतो आणि दाखवतो. रकाना बदलला की सगळ्या शीटवर टॅग बदलतो.

रकाना रिकामा असला तर रेव्हिटमध्ये टॅगच्या जागी प्रश्नचिन्ह दिसतं. ते घालवायला तिथेच टाइप करण्याचा मोह होतो. टाइप केलेलं थेट त्या रकान्यात जातं, हे अशा वेळी विसरून चालत नाही. रकाने दोन प्रकारचे असतात: एक त्या एकाच दरवाजाचा, दुसरा त्या प्रकारच्या सगळ्या दरवाजांचा. टॅग दुसऱ्या जातीचा रकाना वाचत असेल, तर एका ठिकाणी केलेल्या बदलाने चाळीस दरवाजे एकदम बदलतात. सॉफ्टवेअर आधी विचारतं खरं, पण घाईत ‘हो’ दाबलं जातं.

‘सगळ्यांना टॅग लावा’ ही आज्ञा बहुतेक ठिकाणी असते. ती सरसकट चालते, एका वर्गाला एकच टॅग. नियमाधारित टॅगिंग त्याच्या पुढचं. काही सॉफ्टवेअरमध्ये अटी आतच लिहिता येतात, रेव्हिटमध्ये डायनामो या जोडीच्या साधनात लिहिलेली स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) किंवा जोड-प्रोग्राम वापरतात. नियम असा दिसतो: घटक दरवाजा असेल आणि तो किमान ६० मिनिटं आग थोपवणाऱ्या भिंतीत बसवलेला असेल, तर षटकोनी टॅग. तसं नसेल आणि भिंत बाहेरची असेल, तर चौकोनी. उरलेल्यांना गोल.

यात क्रम चुकला की सगळं चुकतं. ‘उरलेले’ हा नियम वर गेला, तर तो प्रत्येक दरवाजाला लागू पडतो आणि षटकोन कुणाच्याच वाट्याला येत नाही. म्हणून सर्वांत काटेकोर अट वर, सर्वांत ढोबळ अट शेवटी. आधी जुळलेला नियम धरायचा की नंतरचा, हे साधनागणिक वेगळं असू शकतं. पाच-सहा दरवाजांवर चालवून ते आधी बघून घ्यावं.

याहून जास्त फसवणारी चूक रकान्याच्या जातीत असते. भिंतीच्या अग्निरोधनाचा रकाना संख्येऐवजी मजकूर म्हणून बनवलेला असेल, तर संगणक १२० आणि ६० यांची तुलना शब्दकोशातल्या शब्दांसारखी करतो. पहिलं अक्षर १, दुसरीकडे ६. म्हणजे १२० हे ६० पेक्षा लहान ठरतं. दोन तास आग थोपवणाऱ्या भिंतीतला दरवाजा निमूटपणे गोल टॅग घेऊन बसतो आणि नकाशा मात्र नीटनेटका दिसतो. एकाने ‘६०’, दुसऱ्याने ‘६० मिनिटे’, तिसऱ्याने ‘१ तास’ लिहिलं असेल, तरी तीच गत. चुकीचा टॅग हा नसलेल्या टॅगपेक्षा वाईट, कारण नसलेला निदान डोळ्यांना खटकतो. तेव्हा नियम लिहिण्याआधी भिंतींचं शेड्यूल, म्हणजे मॉडेलमधून निघणारा तक्ता, काढावं, तो एक रकाना क्रमाने लावावा आणि त्यात किती वेगवेगळ्या नोंदी आहेत ते पाहावं. चार असायला हव्यात आणि अकरा निघाल्या, तर काम तिथे आहे, नियमात नाही. रिकाम्या रकान्यांसाठी एक वेगळा, लाल रंगाचा टॅग ठेवावा. त्यांना ‘उरलेल्यां’त ढकलू नये.

पाइप आणि डक्टची अडचण निराळी. एक सरळ दिसणारी लाइन प्रत्येक जोडाशी तुटते, आणि मॉडेलच्या दृष्टीने प्रत्येक तुकडा स्वतंत्र घटक असतो. अट नसेल तर वीतभर तुकड्यालाही टॅग लागतो. ‘लांबी १.५ मीटरपेक्षा जास्त’ एवढी एक अट घातली की नकाशा मोकळा होतो. फक्त एखादी वेगळ्या व्यासाची लाइन सगळी लहान तुकड्यांचीच नाही ना, ते तपासावं, नाहीतर तिचा व्यास कुठेच छापला जाणार नाही.

मग प्रश्न येतो जागेचा. टॅगचं माप कागदावर ठरतं. ८ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ १:५० च्या नकाशात ४०० मिलिमीटर जागा व्यापतं, १:१०० मध्ये ८०० आणि १:२०० मध्ये १६०० मिलिमीटर, म्हणजे ९०० च्या दरवाजाला झाकून शेजारच्यावरही चढतं. नकाशावर गावांची नावं लिहिणाऱ्यांना हा पेच जुना आहे. एदुआर्द इमहोफ या स्विस नकाशाकाराने नावं कुठे ठेवावीत याचे नियम १९६२ मध्येच मांडले होते. प्रत्येक बिंदूसाठी चार जागा धरल्या आणि एकही नाव दुसऱ्यावर चढू द्यायचं नाही म्हटलं, तर तो प्रश्न गणिताच्या भाषेत एनपी-हार्ड ठरतो: बिंदू वाढतील तसं हमखास आणि झटपट उत्तर देणारी रीत कुणाला माहीत नाही. दोनच जागा धरल्या तर मात्र तो लवकर सुटतो. म्हणून नियमात जागांचे पर्याय मोजकेच द्यावेत, उदाहरणार्थ दरवाजाच्या उघडणाऱ्या बाजूला, नाहीतर विरुद्ध बाजूला. आणि तरी जे एकमेकांवर चढतील ते हाताने सरकवावेत. शेवटचे थोडे टॅग हाताने लावण्यात कमीपणा नाही.

नियम चालवल्यावर दरवाजांच्या शेड्यूलमधले दरवाजे आणि टॅग लागलेले दरवाजे मोजून पाहावेत. फरक आला तर बहुधा घटक त्या व्ह्यूमध्ये, म्हणजे मॉडेलच्या त्या दृश्यात, दिसतच नसतो. मजल्याचा नकाशा १२०० मिलिमीटर उंचीवर कापलेला असेल, तर त्याहून वरची झरोक्याची खिडकी टॅगमधून सहज निसटते.

क्रमांक देण्याचं काम नियमावर सोपवताना सर्वांत जास्त जपावं लागतं. ‘डावीकडून उजवीकडे १, २, ३’ हा नियम पहिल्यांदा छान वाटतो. पुढे मध्येच एक दरवाजा वाढला आणि नियम पुन्हा चालवला, की त्यानंतरचे सगळे क्रमांक एकाने सरकतात. तोवर जुन्या क्रमांकांनी कुलपांची ऑर्डर गेलेली असते, चौकटींवर चिठ्ठ्या लागलेल्या असतात. त्यापेक्षा दरवाजाचा क्रमांक खोलीवरून द्यावा: १०४ नंबरच्या खोलीचे दरवाजे १०४-अ, १०४-ब. ड्रॉइंग बाहेर गेलं की ते क्रमांक गोठवावेत, नव्या दरवाजाला पुढचं अक्षर द्यावं आणि काढून टाकलेल्या दरवाजाचा क्रमांक पुन्हा कुणाला देऊ नये. दरवाजा हलवायचा असेल तेव्हा तो सरकवावा. पुसून नव्या जागी दुसरा काढला, तर मॉडेलमधली त्याची ओळख बदलते, पुसलेल्या दरवाजाबरोबर टॅग जातो आणि गोठवलेला क्रमांकही.