अपरिचित नावाची हातघडणीची गिटार घेताना काय तपासावे

मोठ्या कंपनीची गिटार घेताना निम्मा विश्वास नावावर टाकता येतो. लहान कार्यशाळेतल्या, लेबलावर कधी न ऐकलेले नाव असलेल्या गिटारला तो आधार नसतो. तिच्याबद्दल जे काही कळायचे ते लाकूड, सांधे आणि मापे यांतूनच कळते. दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी जाताना ६०० मि.मी.ची स्टीलपट्टी, कापो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा), टॉर्च, दातांचे डॉक्टर वापरतात तसा छोटा आरसा आणि मोबाइलमध्ये ट्यूनर एवढे सोबत ठेवा. तपासायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. खालची मापे स्टीलच्या तारांच्या गिटारची आहेत.

तपासताना एकच प्रश्न मनात ठेवा: हा दोष किरकोळ खर्चात निघणारा आहे, की गिटार उघडावी लागेल? तारा जुन्या, सॅडल (बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) उंच, नटच्या (खुंट्यांच्या बाजूला तारा जिच्या खाचांत बसतात त्या पट्टीच्या) खाचा कमी खोल, खुंट्या सैल, ही सगळी किरकोळ कामे. त्यांच्यासाठी चांगली गिटार सोडू नका. नेकचा (गिटारच्या दांडीचा) कोन, फ्रेटच्या (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) जागा आणि टॉपचे (बॉडीच्या वरच्या फळीचे) लाकूड या तीन गोष्टी चुकल्या असतील तर मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी ती महागच पडते.

नेकचा कोन

सहा तारा मिळून नेकवर सुमारे ७० किलोचा ताण देतात, तोही रात्रंदिवस. वर्षानुवर्षांच्या या ओढीने नेक पुढे झुकते आणि ब्रिजमागे (सॅडल धरणाऱ्या, टॉपवर चिकटवलेल्या लाकडी ठोकळ्यामागे) टॉप फुगतो. थोडा फुगवटा असणारच, त्याने घाबरू नका. आधी नेक सरळ आहे का ते पाहा. पहिल्या फ्रेटवर कापो लावा, नेक जिथे बॉडीला मिळते तिथे जाडी सहावी तार दाबा आणि सातव्या फ्रेटजवळ तार व फ्रेट यांतली फट बघा. ती ०.१५ ते ०.२५ मि.मी. हवी, म्हणजे पोस्टकार्ड जेमतेम सरकेल इतकी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) फिरवून बहुतेक वेळा ती नीट होते. ट्रस रॉड फिरतच नसेल तर तो दोष मोठ्यांत धरा.

आता स्टीलपट्टी फ्रेटवर, मधल्या दोन तारांच्या मध्ये, लांबीला धरून ब्रिजकडे सरकवा. पट्टीचे टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला टेकले पाहिजे. ते कडेच्या दोन-तीन मि.मी. खाली ब्रिजवर आपटले तर नेक झुकलेली आहे, किंवा पहिल्यापासूनच चुकीच्या कोनात बसवलेली आहे. अशा गिटारचे सॅडल आधीच घासून खाली आणलेले दिसते. बाराव्या फ्रेटवर जाड्या तारेची उंची २.४ मि.मी.च्या आसपास आणि बारीक तारेची १.८ च्या आसपास असावी. सॅडल ब्रिजच्या वर जेमतेम एक मि.मी. उरले आहे आणि तरीही उंची साडेतीन आहे, असे असेल तर नेक उतरवून पुन्हा बसवण्याला पर्याय नाही. नेक बोल्टने बसवलेली असेल तर ते काम आवाक्यातले. सरसाने चिकटवलेली असेल तर वाफ देऊन सांधा सोडवावा लागतो. इपॉक्सीने चिकटवलेली असेल तर तो सांधा सोडवण्याच्या नादी लागू नये. म्हणून सांधा कोणता, हे विकत घेण्याआधी विचारा.

फ्रेटच्या जागा

हातघडणीच्या गिटारमध्ये ही चूक आम्हाला सर्वांत गंभीर वाटते, कारण कानाला ती पहिल्या दिवशी कळत नाही. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा; ती झाली स्केलची, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची, लांबी. तिला १७.८१७ ने भागले की पहिल्या फ्रेटचे अंतर मिळते. ६४५ मि.मी.च्या स्केलला नटपासून पहिला फ्रेट ३६.२ वर, पाचवा १६१.८ वर, सातवा २१४.५ वर आणि बारावा ३२२.५ वर येतो. या चार जागा जुळल्या की बाकीच्या बहुधा बरोबर असतात. बाराव्या फ्रेटवर एका मि.मी.ची चूक झाली तर स्वर सुमारे ५ सेंटने हलतो, म्हणजे अर्धस्वराचा विसावा भाग. एकट्या सुरावटीत ते खपून जाते, पण कॉर्ड धरली की खटकते.

सॅडल तिरके हवे. बाराव्या फ्रेटपासून ते बारीक तारेकडे स्केलच्या निम्म्यापेक्षा दोन-तीन मि.मी. लांब आणि जाड्या तारेकडे पाच-सहा मि.मी. लांब असते. नवीन तारा चढवून बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसते बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. जुन्या, गंजलेल्या तारांवर ही परीक्षा घेऊच नका, उत्तर खोटे येते. फक्त पहिल्या दोन-तीन फ्रेटवरच स्वर चढे लागत असतील तर नटच्या खाचा उथळ आहेत. ते अर्ध्या तासाचे काम आहे.

मोकळी तार झणझणत असेल तर तेही बहुधा नटचे किंवा सॅडलचेच काम. तंबोऱ्याला जवारी मुद्दाम काढतात, गिटारला ती नको.

टॉप आणि आतली बाजू

अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली एका गिटारची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या केल्या होत्या आणि टॉप मात्र लाकडाचा ठेवला होता. आवाज मुख्यतः टॉपचा, हे त्याला दाखवायचे होते. पाठीच्या दुर्मीळ, नक्षीदार लाकडासाठी विक्रेता किंमत चढवू लागला की हे आठवावे.

टॉप सॉलिड आहे की प्लायचा, हे साऊंडहोलच्या (टॉपवरच्या गोल भोकाच्या) कडेवर दिसते. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर लाकूड एकसंध आहे. कडेवर आडवे थर दिसले तर प्लाय. कड पट्टीने झाकलेली असेल तर आरशातून टॉपची आतली बाजू बघा. रेषा बारीक आहेत की जाड, याला फार महत्त्व देऊ नका. लाकूड ताठ आणि हलके असणे महत्त्वाचे.

तारा हाताने दाबून मुक्या करा आणि ब्रिजच्या आसपास बोटाच्या पेराने हलके ठोका. चांगला टॉप घुमतो, आवाज क्षणभर रेंगाळतो. पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा 'टक्' आला तर टॉप किंवा आतल्या पट्ट्या (टॉपला आतून चिकटवलेले लाकडी आधार) गरजेपेक्षा जाड आहेत. नवखे कारागीर टॉप खचेल या भीतीने तसे करतात. गिटार टिकते, पण बोलत नाही, आणि हे नंतर सुधारत नाही. ठोकताना कुठे खरखर आली तर तिथली पट्टी सुटली आहे. आत सरसाचा ओघळ दिसला तर दुर्लक्ष करा, पण पट्टी आणि टॉप यांत फट दिसली तर करू नका. शेवटी ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा. तो आत गेला तर ब्रिज उचलायला लागला आहे.

हवा

आपल्याकडे गिटार फुटण्याचे सर्वांत मोठे कारण कच्चे लाकूड आणि चुकीच्या हवेत केलेली जोडणी हे आहे. टॉपवर पट्ट्या चिकटवताना खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. रत्नागिरीत किंवा गोव्यात जुलैमध्ये ती ८५ च्या वर जाते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी २० च्याही खाली येऊ शकते. भर पावसात उघड्या शेडमध्ये जोडलेली गिटार विदर्भात गेली की टॉप आकसतो, पट्ट्या त्याला जागा सोडू देत नाहीत, आणि लाकूड रेषेवर चिरते. म्हणून 'पट्ट्या कोणत्या महिन्यात चिकटवल्या, खोलीत आर्द्रता मोजत होता का' हे विचारा. नीट काम करणारा माणूस लगेच आकडा सांगतो.

आधीच सुकलेली गिटार ओळखायला नेकच्या कडेवरून बोट फिरवा. फ्रेटची टोके टोचली तर फिंगरबोर्ड (नेकवरची, फ्रेट बसवलेली फळी) आकसला आहे. ब्रिजच्या रेषेत टॉपवर स्टीलपट्टी आडवी ठेवा. टॉपला किंचित उंचवटा हवा, खोलगट दिसला तर सावध व्हा.

फिंगरबोर्ड आणि ब्रिज बहुधा आपल्याच दक्षिणेतल्या शिसवाचे असतात. परदेशातल्या नातलगांसाठी गिटार घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे: २०१७ पासून शिसवाच्या सर्व जातींवर साइट्स कराराचे (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) बंधन आले, पण नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्ये त्यातून वगळली गेली. ब्राझिलियन शिसव १९९२ पासून कडक यादीत आहे. त्याला ही सवलत नाही.

किंमत

अपरिचित नावाची गिटार परत विकताना किंमत बरीच खाली येते, हे धरूनच बोलणी करा. मागितलेल्या रकमेतून सापडलेल्या दुरुस्त्यांचा खर्च वजा करा. तो एक तृतीयांशाच्या वर जात असेल तर घेऊ नका, असा आमचा सल्ला आहे. मग तेवढ्याच पैशांत मिळणारी, सॉलिड टॉपची कारखान्यातली गिटार शेजारी ठेवा आणि दोन्हींवर एकाच जाडीच्या नव्या तारा चढवून वाजवा. हातघडणीची गिटार इथे स्पष्टपणे उजवी ठरली नाही, तर नुसत्या 'हँडमेड' या शब्दाचे पैसे देऊ नका. लाकडांची नावे, टॉपची जाडी, नेकचा सांधा आणि हमीची मुदत कागदावर लिहून घ्या.

घेतल्या दिवशी, पहिल्या ऑगस्टमध्ये आणि पहिल्या मे महिन्यात बाराव्या फ्रेटवरची उंची मोजून केसमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवा. फरक अर्ध्या मि.मी.पेक्षा जास्त आला तर चिठ्ठीसकट गिटार दुरुस्ती करणाऱ्याला दाखवायला न्या.